सातपुड्यातला खान्देश बघायचाय – धडगाव, मोलगी, नवापूर, यावल: कधी जावं, कसं जावं?

केळीबाग:
नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. आपण खान्देशी माणसं अजिंठा दाखवतो, पाटणादेवी दाखवतो, पाहुण्यांना भरीत खाऊ घालतो, आणि उत्तरेला सबंध क्षितिजावर पसरलेल्या सातपुड्यात मात्र पाल नाहीतर तोरणमाळ सोडून पाऊल टाकत नाही. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यापासून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत तिथली जवळपास 69 टक्के वस्ती आदिवासी आहे. म्हणजे पश्चिम खान्देशचा मुख्य माणूसच आपल्याला माहीत नाही. हे मला मनापासून खटकतं.

तर मोटारसायकलवर निघायचा विचार आहे. सोबत एक मित्र. शहादा, धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तिथून खाली नवापूर असं डोक्यात आहे. प्रश्न तीन:
होळीच्या सुमारास जावं की पावसाळ्यात?
राहायची-खायची सोय काय?
आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथल्या लोकांना भेटायचंय, पण बघ्यासारखं जायचं नाही. ते कसं जमवायचं?

भटका_कोथरूड:
काठी गावच्या राजवाडी होळीला जा! डोळे झाकून. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगभर राखेची नक्षी. पहाटे होळी पेटते तोवर ढोल थांबत नाही. असे फोटो महाराष्ट्रात दुसरीकडे मिळणार नाहीत. मोठी लेन्स विसरू नका.

तापीकाठ:
शहादा ते तोरणमाळ रस्ता आता चांगला आहे. सात पायरी घाट लागतो, तो सकाळी चढा. वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, तेव्हा मुक्कामाला जागा मिळत नाही. पेट्रोल शहाद्यालाच पूर्ण भरा. पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, त्यावर विसंबू नका.

पावरा_धडगाव:
मी धडगावच्या पुढच्या एका पाड्यावरचा. नोकरीला नाशिकला असतो, सणावाराला घरी. केळीबागदादा, तुमचा तिसरा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं.

कोथरूडच्या दादांनी वर लिहिलेले भोपळे आणि घुंगरू बांधणारे लोक नवस फेडत असतात. त्याला आमच्याकडे पालनी म्हणतात. बावा, बुध्या (ही नवसाची सोंगं) झालेला माणूस होळीआधी काही दिवस खाटेवर झोपत नाही, आंघोळ करत नाही, पायात चप्पल घालत नाही, बाईच्या हाताचं खात नाही. घरात कोणी आजारी होतं, शेत पिकलं नव्हतं, पोर जगत नव्हतं, म्हणून हे व्रत कोणीतरी कबूल केलेलं असतं. अशा माणसाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर लेन्स आली की त्याला सरकायलाही जागा उरत नाही. गेल्या काही वर्षांत होळीभोवती कॅमेऱ्यांचंच रिंगण दिसतं, नाचणारे आत आणि गावची म्हातारी माणसं मागे टाचा उंचावून बघतायत.

या. जरूर या. पण रिंगणाच्या बाहेर उभे राहा, आणि कॅमेरा काढायच्या आधी रात्रभर नुसतं बघा. फोटो हवाच असेल तर होळी पेटल्यावर, ओळख झाल्यावर विचारा. बहुतेक जण आनंदाने उभे राहतात. नंतर फाग (होळीची बक्षिसी) मागायला आले तर हात आखडू नका, तो मान आहे.

भटका_कोथरूड:
पालनीचं खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. पण सार्वजनिक उत्सव आहे, सरकारही जाहिरात करतं, मग फोटोला हरकत कशी घेता येईल?

पावरा_धडगाव:
हरकत घेतलेली नाही दादा. पंढरीच्या वारीत तुम्ही फोटो काढता, पण पांडुरंगापुढे डोकं टेकवलेल्या बाईच्या तोंडापुढे कॅमेरा धरत नाही. तेवढंच इथेही पाळा.

नवापूरची_लेक:
+१ पावरादादा.

आणि केळीबाग, तुमच्या यादीत 'आदिवासी' एकच आहेत असं वाटतंय. तसं नाही. धडगावला पावरा आणि भिल, अक्कलकुवा-तळोद्याला वसावे, पाडवी, तडवी आडनावांची घरं, नवापूरला आम्ही मावची, म्हणजे गावित, आणि साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरात कोकणी. आमची बोली पावरांना अर्धी कळते, अर्धी नाही. पावरांची घरं एकमेकांपासून लांब, ज्याच्या त्याच्या शेतात. आमची गावं त्यामानाने एकवट. आमच्याकडे भात आणि तूर, वर डोंगरात ज्वारी, मका आणि पूर्वी मोर, बर्टी, भादर ही बारीक भरडधान्यं.

नवापूर स्टेशनवर मात्र नक्की उतरा. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. एकाच बाकावर दोघांनी बसायचं, एक या राज्यात, एक त्या राज्यात. आमच्याकडे लग्नाची बोलणी त्या बाकावर झाली तर माहेर-सासर आधीच ठरलेलं असतं :)

अहिराणीभो:
हाऊ बाक मी पाह्यना शे भो! गुजरातकडे तोंड करी बसनू तं चहाबी तिकडलाच गोड लागस :))

पथारीवाला:
नंदुरबारला याल तर मिरचीच्या हंगामात या. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर जाईल तिथपर्यंत. नाकाला रुमाल बांधूनच उतरा. निवडायला, देठ काढायला सगळा आदिवासी बायांचा हात. दिवसभर त्या तिखटात बसून काम करतात, हातांची आग रात्रीही जात नाही. मी या धंद्यात आहे, म्हणून सांगतो: प्रवासवर्णनात मिरचीचा रंग येतो, हे हात येत नाहीत. ते बघा.

डोंगरीगुरुजी:
मी तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या आश्रमशाळांत बरीच वर्षं नोकरी केली. आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न, कधी जावं. याचं उत्तर हवामानावर ठरवू नका, तिथल्या लोकांच्या वर्षावर ठरवा. दिवाळी झाली की डोंगरातली निम्मीअधिक घरं बंद होतात. ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर माणसं जातात, गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात. पोरं सोबत जातात किंवा म्हाताऱ्यांपाशी, नाहीतर आश्रमशाळेत राहतात. जानेवारीत पाड्यावर गेलात तर दाराला काट्याकुट्याची फांदी लावलेली दिसेल आणि ओट्यावर एखादी आजी. तुम्ही परत येऊन लिहाल की किती शांत आणि निवांत गाव. ते गाव रिकामं झालेलं असतं.

होळीला हीच माणसं कुठूनही परत येतात. मुकादमाची उचल फिटलेली नसली तरी येतात. म्हणून होळीचं महत्त्व. वर्षभर पांगलेलं गाव त्या आठ-दहा दिवसांत एके ठिकाणी असतं. लग्नं ठरतात, भांडणं पंचांपुढे मिटतात, उधाऱ्या फिटतात. दोन-तीन पाड्यांवर रोज कुठेतरी होळी असते. काठीची प्रसिद्ध आहे, पण तिच्या पुढच्या-मागच्या दिवसांत कितीतरी गावांत होळ्या पेटतात आणि तिथे बाहेरचा माणूस शोधून सापडत नाही.

होळीआधी भोंगऱ्या बाजार असतो. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हारकडे, नवे कपडे, घुंगरं. सगळी खरेदी तिथेच. बाजाराच्या दिवशी जा, काहीतरी घ्या, चहाच्या टपरीवर बसा. कोणाच्याही घरी न घुसता शंभर माणसं भेटतील.

मी_प्रवासिनी:
भोंगऱ्या म्हणजे तोच ना, जिथे मुलगी पसंत पडली की मुलगा तिला गुलाल लावून पळवून नेतो? फार रोमँटिक प्रथा आहे, असं एका चॅनलवर पाहिलं होतं.

पावरा_धडगाव:
ताई, हे आमच्या माथी कायमचं बसलंय. भोंगऱ्या हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. तरुण पोरं-पोरी नटून येतात, एकमेकांना बघतात, हे खरं. ते कुठल्या जत्रेत होत नाही? पण 'पळवून नेण्याचा बाजार' असं छापून आलं की पुढच्या वर्षी शहरातली टोळकी आमच्या बहिणींकडे त्याच नजरेने बघायला येतात. मध्य प्रदेशच्या बाजूलाही समाजाच्या संघटना गेली काही वर्षं हेच सांगतायत. लग्न आमच्याकडे पंचांच्या साक्षीने, देज (वधूमूल्य) ठरवून होतं. मुलाकडचे मुलीच्या घरी देज देतात. हुंडा मागायची पद्धत आमच्यात नव्हती.

मी_प्रवासिनी:
समजलं दादा. ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता तिथे तुमचं उत्तर टाकते, चालेल ना?

पावरा_धडगाव:
जरूर टाका ताई.

साक्रीकर:
देज प्रकरणावर एक शब्द. देजाच्या रकमा आता फार वाढल्यात, त्यासाठी मुलगा दोन-दोन हंगाम ऊसतोडीची उचल घेतो. आमच्याकडे कोकणी समाजात यावर बैठका होतात. प्रथा चांगली म्हणून तिचे आजचे चटके झाकायचे नाहीत.

पावरा_धडगाव:
मान्य. आमच्याकडेही पंच कमाल रक्कम ठरवून देतात. काही गावं पाळतात, काही नाही.

तडवी_यावल:
सगळे नंदुरबारकडेच पळतायत. जळगाव जिल्ह्यातल्या सातपुड्याला विसरू नका. केळीबागभाऊ, तुमच्या घरापासून तास-दोन तासांवर यावल, रावेर, चोपडा. अंकलेश्वर-बुऱ्हाणपूर रस्ता धरा, तो सातपुड्याच्या पायथ्यानेच जातो: अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर. सबंध खान्देश या एका रस्त्याने बघता येतो. डाव्या-उजव्या हाताला केळी आणि ऊस, आणि उत्तरेकडे फाटा फुटला की पावरा-बारेला वस्त्या.

आम्ही तडवी. भिल आणि मुसलमान दोन्ही. नमाजही पढतो आणि शेताच्या, पावसाच्या कितीतरी रीती भिलांच्याच पाळतो. लोक विचारतात, तुम्ही नक्की कोण? आमच्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही.

केळीबाग:
तडवीभाई, लाज वाटावी इतक्या जवळ आहे हे. शाळेत तडवी आडनावाचे दोन मित्र होते, कधी घरी गेलो नाही. आता येतो.

तडवी_यावल:
या. केळीबागेतून रस्ता आहे, तुम्हाला परका वाटणार नाही.

इतिहासवेडा_शिरपूर:
धागा वाचनखुणेत साठवला.

फिरताना दोन नावं मनात ठेवा. 1857 च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी याच डोंगरातून इंग्रजांशी टक्कर दिली, एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. भिलांना काबूत ठेवायला इंग्रजांनी त्याआधीच 1825 मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली भिलांचीच पलटण उभी केली होती, तिचं ठाणं आपल्या धरणगावला. म्हणजे धरणगावकरांच्या गावातही हा इतिहास आहे.

दुसरं रावलापाणी, तळोदा तालुक्यात. गुलाम महाराज मोरवडचे. 1930 च्या दशकात त्यांनी आप धर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, सावकारापुढे वाकू नका. आरतीला हजारो लोक जमत. 1938 मध्ये ते वारले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. 2 मार्च 1943 ला रावलापाणीला जमलेल्या या लोकांवर इंग्रजांनी गोळीबार केला, 15 माणसं मेली. 1942 मध्ये इंग्रजांच्या गोळीबारात गेलेल्या नंदुरबारच्या शिरीषकुमारचं नाव आपण 9 सप्टेंबरला घेतो, आणि घ्यायलाच हवं. रावलापाणीही त्याच्यापासून सहाच महिन्यांनंतरचं, त्याच जिल्ह्यातलं. दगडांवर गोळ्यांच्या खुणा दाखवतात. रस्त्यात वळून पाच मिनिटं थांबा.

डोंगरीगुरुजी:
शिरपूरकर, छान आठवण दिलीत. त्याला जोडून शहाद्याच्या अंबरसिंग महाराजांचं नावही. 1972 मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. सपाटीवरच्या जमिनी कागदोपत्री कशा गेल्या, सालदारांना काय मजुरी मिळायची, हे प्रश्न त्यांनी उचलले. शहादा परिसरातली हिरवीगार शेतं बघताना हेही माहीत असावं.

रेवाकाठ:
कोणीच नर्मदेबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांची उत्तर सीमा नर्मदा आहे. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली. मणिबेली त्यातलं पहिलं, आणि राज्याचं मतदान केंद्र क्रमांक एकही मणिबेलीच. नकाशात बघाल तर नदीला हात-पाय फुटल्यासारखं पाणी आत घुसलेलं दिसतं. जिथे पूर्वी गाव आणि शेत होतं तिथे आता पाणी आहे आणि वरच्या टेकड्यांवर उरलेले पाडे. पाण्याची पूर्ण पातळी 138.68 मीटर. तिकडे हा आकडा शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. काही गावांना अजूनही बोटीनेच जावं लागतं, तरंगता दवाखानाही बोटीवरच आहे.

नर्मदा बचाव आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा काढल्या. मुलं आधी आपल्या बोलीत शिकतात, मग मराठी. मी एका जीवनशाळेत गेले तेव्हा पोरांनी मला झाडांची नावं विचारली. पळस, मोह, तिवस, अंजन इथपर्यंत जमलं. पुढे त्यांनी मला वीस-पंचवीस झाडं दाखवली, प्रत्येकाचा उपयोग सांगितला, आणि एका मुलीने शेवटी 'ताई, तुम्ही परत या, पुढचं सांगते' असं म्हणून धडा संपवला. तिथल्या मुलांना काय येतं, हे बघायला जावं.

पुनर्वसनाच्या वसाहती तळोदा-शहादा भागात आहेत, सोमावल, रोझवा वगैरे. डोंगरातला पाडा आणि सपाटीवरची वसाहत, दोन्ही बघा. एकाच कुटुंबातले दोन भाऊ, एक वर आणि एक खाली, असंही सापडतं.

भटका_कोथरूड:
रेवाकाठ ताई, मस्त लिहिलंय. पण खरं सांगू? मला वाटायला लागलंय की अशा भागात आपण जाऊच नये. त्यांना त्यांच्यासारखं जगू द्यावं. आपण गेलो की प्लास्टिक जातं, रील जातात, हाव जाते.

पावरा_धडगाव:
दादा, पहिल्या प्रतिसादात लेन्स घेऊन या म्हणालात आणि आता येऊच नका म्हणताय :)

आमच्याकडे प्लास्टिक तुमच्याआधीच पोचलं, मोबाइल पोचला, बियाणं-खताच्या जाहिराती पोचल्या. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं पाड्यापाड्यावर आहेत. पोचलं नाही ते दवाखान्यापर्यंतचा पक्का रस्ता, बारमाही मास्तर आणि आमच्या मालाला भाव. शहरातला माणूस आला, त्याने आमचा आमचूर नीट भावाने घेतला, परत जाऊन रस्त्याबद्दल दोन शब्द बोलला, तर आमचं काय बिघडतं?

नर्सताई_मोलगी:
रस्त्याचं निघालं म्हणून सांगते. पावसाळ्यात काही पाड्यांवरून बाळंतीण बाईला अजूनही झोळीत घालून, बांबूला अडकवून, चौघे जण खांद्यावर आणतात. ओढा ओलांडताना झोळी वर धरतात. ही बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी लोक हळहळतात. तिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही पुष्कळ आहे. तरुण मुलगी उभ्या-उभ्या दमते, सांधे दुखतात, बाहेरच्याला वाटतं आळशी आहे. पाहुण्यांना हात जोडून विनंती, 'ही माणसं फार काम करत नाहीत' हे वाक्य तिथे बोलू नका. मी ते ऐकलंय.

जाताना स्वतःचं औषध, ओआरएस, चांगले बूट, बॅटरी घ्या. साप आहेत. साप चावला तर भगताकडे वेळ घालवायचा नाही हे आम्ही गावात शिकवतो, तुम्हीही सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

मी_प्रवासिनी:
मुलांसाठी चॉकलेटं, जुने कपडे न्यावेत का? आमच्या सोसायटीत खूप जमा होतात.

डोंगरीगुरुजी:
चॉकलेटं नकोत. दोन-तीन गाड्या चॉकलेटं वाटून गेल्या की चौथ्या गाडीमागे पोरं धावतात, आणि फोटोत तेच येतं. जुने कपडे तर अजिबात नको, तिथली माणसं आपल्या ऐपतीचे पण नवे कपडे घेतात. द्यायचंच असेल तर जवळच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना आधी फोन करून विचारा. आमच्या शाळेला एकदा कोणी तरी पन्नास बॅडमिंटन रॅकेट पाठवल्या. पोरांना कबड्डी आणि धनुष्यबाण येत होता. त्या वर्षी आम्हाला हवे होते शब्दकोश आणि कंदील-बॅटऱ्या.

तापीकाठ:
फोन करून विचारण्याला +१.

अहिराणीभो:
खानपाननं कोनी काय बोलत नही! केळीबागभो उपाशी जाई का?

नवापूरची_लेक:
:) हो, जेवण. तालुक्याच्या गावी खानावळी आहेत, शेवभाजी सगळीकडे मिळते. पाड्यावर जेवायचा योग आला तर मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, ठेचा. डाळ साधी असते, फोडणीला फार काही नसतं, पण तो उडीद तुम्हाला गावात मिळणार नाही. आमच्या नवापूरला तुरीची डाळ आणि नवा तांदूळ, पावसाळ्यात खेकडे. सकाळी ताडी.

जेवण झाल्यावर पैसे पुढे करू नका, अपमान होतो. त्याऐवजी जाताना त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या: मध, चारोळी, उडीद, आमचूर, बांबूची टोपली. सांगतील तो भाव द्या. घासाघीस शहरातल्या मॉलमध्ये करून बघा.

भटका_कोथरूड:
आणि मोहाची? :)

नवापूरची_लेक:
ज्या घरी देवाला, पाहुण्याला देतात त्या घरी दिली तर घोटभर घ्या. मागायची नाही आणि बाटलीत भरून न्यायची नाही. बऱ्याच घरांत आप धर्मामुळे किंवा चर्चमुळे दारू चालतच नाही. तिथे विषयच काढायचा नाही.

पावरा_धडगाव:
आमचूरचं निघालं तर तेवढं सांगतो, कारण धडगावचा खरा पैसा तोच.

चैत्र-वैशाखात गावठी आंबा उतरवायचा. पाडाला यायच्या आत, कडक कैरी असतानाच. सबंध घर कामाला लागतं. आई आणि काकू साली काढतात, आम्ही फोडी करतो, पोरं कोयी वेगळ्या करतात. मग त्या फोडी कातळावर किंवा छपरावर अंथरायच्या. चार-पाच उन्हं कडक मिळाली की फोड पांढरी, वाजणारी होते. व्यापारी मूठभर उचलतो, हातात खडखड वाजवतो, रंग बघतो आणि भाव सांगतो. वळवाचा पाऊस आला की रातोरात सगळं काळं. मग तोच माल निम्म्या किमतीला. गेल्या काही वर्षांत अवकाळी वाढलाय, भाव पडलाय, आणि लोक आंब्याची जुनी झाडं तोडायला लागलेत. आजोबांनी लावलेलं झाड विकताना वडील दिवसभर शेतातून परत आले नव्हते.

एप्रिल-मेमध्ये आलात तर हे सगळं बघायला मिळेल. ऊन फार असतं, पण माणसं घरी असतात आणि बोलायला वेळही असतो, हात चालू असले तरी.

पथारीवाला:
पावराभाऊ, आमच्याकडे आमचूर येतो तेव्हा आम्ही फक्त रंग बघतो. हे वाचून बरं वाटलं नाही, पण वाचायला हवं होतं.

साक्रीकर:
मार्गशीर्षात जमलं तर आमच्या बाजूला डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. रात्री पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजते आणि माऊल्या, म्हणजे व्रत घेतलेले लोक, नाचतात. या दिवसांत ते कडक पथ्य पाळतात, तिथेही पालनीसारखाच नियम: मध्ये घुसायचं नाही, चपला लांब काढायच्या.

आणि दिवाळीत, धनत्रयोदशीला, अस्तंब्याची यात्रा निघते. अश्वत्थाम्याचा डोंगर, जवळजवळ सव्वातेराशे मीटर. तळोद्याहून डोंगरात चालत जातात. ही यात्रा पायात दम असेल तरच.

इतिहासवेडा_शिरपूर:
देव म्हटलं तर याहामोगी राहिली. डाब हे तिचं मूळ ठाणं मानतात, अक्कलकुव्याच्या वर. मोठी यात्रा महाशिवरात्रीला गुजरातेत देवमोगराला भरते. दुष्काळात धान्य आणून लोकांना जगवणारी ती आई. भिल, तडवी, पाडवी, वसावे, मावची, सगळे तिला मानतात. नवं धान्य आधी तिला. डाबला थंडीत दव गोठतं, हिवाळ्यात गेलात तर गरम कपडे घ्या.

केळीबाग:
मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं एका फेरीत होणार नाही हे कळलं. तर मी असं ठरवतोय:

पहिली फेरी घराजवळचीच, यावल-चोपडा बाजू, तडवीभाईंकडे. होळीला काठी नाही, पावरादादा सांगतील त्या लहान गावात, कॅमेरा घरी ठेवून. मोटारसायकलऐवजी शहाद्याहून एसटीने आणि पुढे जीपने, म्हणजे वाटेत माणसं भेटतील. मग आमचूरच्या दिवसांत पुन्हा.

दोन शंका उरल्यात. लहान गावात होळीच्या रात्री मुक्काम कुठे करायचा? आणि गावात शिरताना आधी कोणाला भेटावं?

डोंगरीगुरुजी:
आधी पोलीस पाटील किंवा गावचा कारभारी, जो तिकडे असेल तो. 'फिरायला आलो' असं म्हणू नका. कुठून आलात, कोणाच्या ओळखीने आलात, किती दिवस आहात, हे तीन सांगा. तिथे ओळखीचा धागा लागला की पुढचं सगळं सोपं. मुक्कामाला बहुतेक ठिकाणी शाळा किंवा ग्रामपंचायतीचा ओटा देतात. चादर आणि पाण्याची बाटली स्वतःची.

पावरा_धडगाव:
मुक्काम आमच्या घरी. होळीला मी चार दिवस आधीच जातो. दादा, मला व्यक्तिगत संदेशात तुमचा नंबर कळवा, मी शहादा स्टँडवर घ्यायला येईन. मित्र येणार असेल तर तेही कळवा, आई भाकरींचा अंदाज आधी विचारते. आणि येताना भुसावळहून केळी आणा, आमच्याकडे पोरांना फार आवडतात.

केळीबाग:
पाठवला संदेश. केळीची लूम आणतो, घरच्या बागेतली.

अहिराणीभो:
मन्हाबी नंबर धाडस भो. दोन घड केळी आनि भरीतना वांगा मी लयस!

मी_प्रवासिनी:
बायका-मुली आलेल्या चालतील का होळीला?

पावरा_धडगाव:
चालतील काय ताई, आमच्या बहिणी रात्रभर नाचतात, हातात हात घालून रांगेने. पालनीवाल्या माणसांना तेवढा स्पर्श होऊ देऊ नका, बाकी तुम्ही सरळ बायकांच्या रांगेत उभ्या राहा. गाणं येत नसलं तरी पाय आपोआप पडतात. आईला सांगून ठेवतो, तीन पाहुणे.